सोनटक्क्याची जागा

पहाटे ५.४०

मेचा शेवटचा आठवडा आहे. पुण्यात या दिवसांत सहाला दोन-तीन मिनिटे कमी असतानाच सूर्य उगवतो, आणि त्याच्याआधी मला अंगणात पोचायचे असते. घरांच्या बागा आखून देणे हे माझे काम. झाडे निवडणे, वाफे काढणे, माळ्याला समजावणे हे सगळे त्यात आले. पण माझ्या लेखी खरे काम म्हणजे एका अंगणात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत थांबून ऊन कुठून येते, कुठे टिकते आणि कुठून निघून जाते ते पाहणे. सावलीतल्या झाडासाठी तर हे टाळताच येत नाही. उन्हातले झाड जागा चुकली तरी तग धरते, चार फुले कमी देते इतकेच. सावलीतल्या झाडाला मात्र एकाच टोपलीभर जागेत दोन गोष्टी हव्या असतात: फुलण्यापुरता उजेड आणि जळण्यापासून आसरा.

आजचे घर कोथरूडमधले, दुमजली, जुने. रस्ता पश्चिमेला, फाटकही तिकडेच. मागे, म्हणजे पूर्वेला, पंचवीसेक फुटांचे परसू. परसाच्या आग्नेय कोपऱ्यात मोठा आंबा, मध्याच्या जरा उत्तरेला बुटका, पसरट पांढरा चाफा. उत्तरेला घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये दहा फुटांची पट्टी. पिशवीतून मी टेप, वही, तीन फुटांची सरळ काठी आणि किलोभर पांढरी रांगोळी काढते. दर तासाला सावलीची कड जिथे असेल तिथे रांगोळीची रेघ ओढायची, रेघेशेजारी तास लिहायचा. याहून भरवशाचे साधन मला अजून सापडलेले नाही.

६.२०

आजी चहा घेऊन मागच्या ओट्यावर येतात. सोनटक्का त्यांना हवा आहे. माहेर रत्नागिरीकडचे, तिथे न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी, अळू आणि सोनटक्का एकत्र वाढायचे, आणि भाद्रपदात संध्याकाळी वाटीभर कळ्या काढून ठेवल्या की रात्री घरभर वास.

"इथे दोनदा लावला गं," त्या सांगतात. "एक फाटकाजवळ, एक आंब्याखाली. फाटकाजवळचा दर उन्हाळ्यात करपतो. आंब्याखालचा माणसाएवढा वाढलाय, पण एक कळी दाखवेल तर शपथ."

दोन्ही गड्डे मी पाहून येते. फाटकाजवळचा घराच्या पश्चिम भिंतीला चिकटून आहे. दांडे कमरेएवढेच, पाने आतल्या बाजूला वळलेली, टोके आणि कडा तपकिरी. आंब्याखालचा गर्द हिरवा, लांब, पण दांडे बारीक आणि सगळेच्या सगळे अंगणाच्या उत्तरेकडे कललेले. उजेड कुठे आहे हे ते कलून सांगताहेत.

ही दोन झाडे म्हणजे माझ्या आजच्या दिवसाची दोन टोके आहेत. योग्य जागा या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार.

७.००

कुंपणावरून ऊन आत आले. उन्हाळ्यात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, चांगला ईशान्येकडे सरकून उगवतो. त्यामुळे पहिली किरणे उत्तरेच्या पट्टीत तिरपी शिरतात आणि घराच्या उत्तर भिंतीवर उजळ पट्टा उमटतो. सूनबाई खिडकीतून बघत असतात. त्यांनी फोनवर मला सांगितले होते की सोनटक्क्यासाठी उत्तरेची पट्टीच उत्तम, तिथे ऊन येतच नाही. त्यांचे निरीक्षण खोटे नाही, फक्त ते डिसेंबरातले आहे. हिवाळ्यात दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर दहा फुटांची भिंत तेव्हा भर दुपारीही उत्तरेला नऊ फूट सावली टाकते. हा हिशेब मेमध्ये पार बदलतो. किती, ते साडेबाराला दाखवीन असे मी त्यांना सांगते.

बागकामाची बरीच पुस्तके थंड देशांत लिहिलेली आहेत. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, म्हणून उत्तर भिंत म्हणजे सावली हे त्यांचे सूत्र पक्के असते. आपल्याकडे दिशा पाहून सावली ठरवता येत नाही, तास पाहूनच ठरवावी लागते.

८.१५

माळीमामा सायकल लावून येतात. आम्ही तीन खड्डे घ्यायचे ठरवतो: घरापासून तीन फुटांवर, चाफ्याच्या छायेत आठ-नऊ फुटांवर, आणि आंब्याच्या घेराच्या कडेला.

पहिल्या खड्ड्यात पहार दोन इंचांवरच खणखणते. विटांचे तुकडे, चुना, सिमेंटचे गोळे. घर बांधताना पडलेला राडारोडा बहुतेक बंगल्यांच्या भिंतीलगत असाच पुरलेला असतो. त्यात पाणी थांबत नाही आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते; मग पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. फाटकाजवळच्या गड्ड्याच्या दोन-तीन पानांवर तो पिवळेपणा मी सकाळी पाहिला होता. उन्हाने करपणे हे त्याचे मोठे दुखणे, पण एकटे नाही.

आंब्याच्या कडेचा खड्डा म्हणजे मुळांची जाळी. वीतभर खोलीपर्यंत तंतुमुळे इतकी दाट की खुरपे घुसत नाही. तिथे घातलेले पाणी आणि खत आधी आंबा पिणार.

चाफ्याखालचा खड्डा मात्र सुरेख निघतो. वर भुसभुशीत तांबूस भर, खाली काळी माती, दीड फुटापर्यंत एकही वीट नाही. तिन्ही खड्डे आम्ही काठोकाठ पाण्याने भरतो. भिंतीजवळचा दहा मिनिटांत रिकामा. चाफ्याखालचा रमतगमत जिरतो. तासाभराने पुन्हा भरला तेव्हाही तळाशी बराच वेळ ओल चमकत होती. सोनटक्क्याला अशी माती आवडते.

आले, हळद, वेलदोडा यांच्या कुळातले हे झाड. मूळचे पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीनपर्यंतच्या प्रदेशातले, ओढ्याकाठचे, जंगलाच्या कडेचे. गर्द रानाच्या पोटातले नाही. ही कड लक्षात ठेवायला हवी. याच झाडाने ब्राझील आणि हवाई बेटांतले ओले काठ गिळून टाकले आहेत, तिथे ते उपटून काढावे लागते. आणि क्यूबाने त्यालाच आपले राष्ट्रीय फूल मानले आहे. पाणी आणि अर्धे ऊन मिळाले की ते थांबत नाही, हे या प्रदेशांनी अनुभवले आहे. पुण्यात पाणी आपण देऊ शकतो. अर्धे ऊन मात्र शोधावे लागते.

९.३०, १०.३०

दोन रेघा. परसात चाफ्याबाहेर सगळीकडे लख्ख ऊन. या वेळात मी आंब्याखालचे दांडे मोजत नाही, फक्त त्यांची उंची आणि कल वहीत काढून घेते.

११.१५

उन्हाची प्रत तपासायची माझी एक पद्धत आहे. जमिनीवर पांढरा कागद ठेवायचा आणि हात त्याच्या फूटभर वर धरायचा. बोटांच्या कडा धारदार दिसल्या तर ते पूर्ण ऊन. बोटे ओळखू येतात पण कडा विरघळलेल्या, तर अर्धी सावली. नुसताच अंधुक डाग, तर दाट सावली. फाटकाजवळ अजून घराची सावली आहे, त्यामुळे तिथे उजेड छान, मऊ आहे. अकराला येणारा कोणीही म्हणेल, हीच जागा उत्तम! तिथे लावताना आजींनाही सकाळचीच वेळ दिसली असणार. आंब्याखाली कागदावर हाताचा आकारच उमटत नाही. चाफ्याखाली बोटे दिसतात, कडा पुसट.

चाफ्याच्या पानांतून कागदावर गोल कवडसे पडले आहेत. पानांमधली फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोलच पडतो, कारण तो सूर्याची छोटी प्रतिमा असतो. हे कवडसे जागेवर थांबत नाहीत. पाच मिनिटे एका पानावर, मग पुढच्या. रानाच्या कडेची झाडे अशा सरकत्या उजेडावर वाढायला तयार झालेली असतात. तोच उजेड सलग तीन तास एका पानावर पडला तर पान भाजते. म्हणून सावलीतल्या फुलझाडासाठी मी भिंतीपेक्षा पानांचे छप्पर निवडते. भिंत एकतर ऊन पूर्ण अडवते किंवा पूर्ण सोडते. पान चाळून देते.

१२.३०

दिवसातली सगळ्यात महत्त्वाची वेळ. पुण्यात सूर्य माथ्यावर बाराला येत नाही, साडेबाराच्या सुमारास येतो, कारण आपले घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखांशाचे आहे आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत. मी सूनबाईंना बोलावते आणि उत्तरेच्या पट्टीत तीन फुटांची काठी उभी धरते. तिची सावली जेमतेम दोन बोटे, आणि ती पडली आहे दक्षिणेला, घराच्या दिशेने.

त्या काठीकडे आणि वर आळीपाळीने बघतात. मेच्या मध्यात सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावरून जातो, तो शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे या अडीच महिन्यांत घराच्या उत्तर भिंतीला भर दुपारचे ऊन लागते आणि दक्षिण भिंतीला लागत नाही. पाऊस सुरू झाला की ढग सांभाळून घेतात, पण मेच्या अखेरचे आणि मृग लांबला तर जूनचे ऊन या पट्टीत थेट उतरते. खाली फरशी, दोन्ही बाजूंना चुनकाम केलेल्या भिंती. उष्णता तिन्हीकडून परत फेकली जाते. शिवाय एसीचे बाहेरचे यंत्र इथेच बसवले आहे आणि त्याचा गरम झोत बरोबर कमरेच्या उंचीवर सुटतो. सोनटक्क्याची रुंद, पातळ पाने त्या झोतात दोन दिवसांत कागद होतील.

त्याच एसीची पाण्याची नळी मात्र मी वहीत नोंदवते. हे पाणी हवेतून गोळा झालेले, क्षारमुक्त. घराला बोअरचे जड पाणी आहे, त्यातल्या क्षारांनीही पानांची टोके जळतात. उन्हाळ्यात हे ठिबकणारे पाणी बादलीत धरून नव्या वाफ्याला घालता येईल.

१.१५

मी आणि मामा चाफ्याखालीच डबे सोडतो. जेवताना जागा जशी कळते तशी उभ्याने फिरून कळत नाही. सूर्य आता घराच्या छपरावर सरकतो आहे. आमच्या पाठीवर कवडसे आहेत, पण चटका नाही.

चाफ्याबद्दल एक शंका माझ्या मनात सकाळपासून आहे. थंडी सुरू झाली की तो पाने गाळतो आणि चैत्रापर्यंत उघडाच असतो. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने छप्पर नाही. हिवाळ्यात त्याने बिघडत नाही, उलट फायदाच आहे: ऊन कोवळे असते आणि फुलून गेलेल्या गड्ड्याला पुढच्या हंगामासाठी कंद भरायला उजेड लागतो. अडचण मार्च-एप्रिलची. चाफ्याला नवी पाने फुटायची असतात आणि पारा चाळिशीकडे धावत असतो. तेवढ्या आठवड्यांपुरती फांद्यांवर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधायची आणि गड्ड्यावर चार बोटे पालापाचोळा पसरायचा. आंबा तो हवा तितका देतोच. बकुळ असती तर हे करावे लागले नसते, पण बकुळीखाली आंब्यासारखाच अंधार झाला असता. सगळा विचार करून मला चाफाच पटतो.

२.००, ३.००

दोनला घराची सावली परसात आठ फूट आली आहे. तीनला पंधरा फूट. चाफ्याखालची जागा दोनच्या सुमारास पूर्ण सावलीत गेली आणि आता सूर्यास्तापर्यंत तशीच राहणार.

याच वेळी पश्चिमेकडे काय चालले आहे ते पाहायला मी फाटकाशी जाते. अकरा वाजताचा तो मऊ उजेड कुठल्या कुठे गेला आहे. ऊन थेट भिंतीवर, भिंतीसमोर गाडी, गाडीच्या काचेवरून पुन्हा झाडावर. सोनटक्क्याची पाने सुरळी करून उभी आहेत. सकाळी त्याच पानांत पाणी खेळत होते. सकाळचे तीन तास ऊन आणि दुपारचे तीन तास ऊन घड्याळात सारखेच भरतात, झाडाला ते अजिबात सारखे नसतात. सकाळी रात्रीची ओल मातीत असते, हवा थंड असते. दुपारी माती तापलेली, हवा कोरडी, आणि मुळांनी ओढलेले पाणी पानातून उडणाऱ्या पाण्याला पुरत नाही. "दिवसाला तीन-चार तास ऊन चालेल" असे रोपवाटिकेत सांगतात तेव्हा कोणते तीन-चार तास हे विचारून घ्यावे.

४.३०

फोनवरच्या सूर्यमार्ग दाखवणाऱ्या ॲपवर मी तारीख पुढे नेते: १५ ऑक्टोबर. सोनटक्का फुलतो श्रावण-भाद्रपदापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, म्हणून मेची सावली जमली एवढ्यावर काम संपत नाही. ऑक्टोबरात सूर्य पूर्वेच्या जरा दक्षिणेला उगवून दक्षिणेकडूनच चढत जातो. तेव्हा आग्नेय कोपऱ्यातल्या आंब्याची सकाळची सावली वायव्येकडे, म्हणजे नेमकी चाफ्याच्या दिशेने पसरते. रांगोळीच्या रेघांवर मी ती सावली काठीने आखून पाहते. चाफ्याच्या दक्षिण अंगाला वाफा काढला तर फुलांच्या दिवसांत सकाळचे ऊन हरवते. उत्तर अंगाला चार फूट सरकवला तर साडेसात-आठपासून मिळते.

त्या चार फुटांसाठी मला पाऊण तास लागला. आजींना आंब्याखाली जे दिसले तेच इथे निम्म्याने झाले असते, आणि तेही दोन वर्षांनी, गड्डा पसरल्यावर.

५.३०

पश्चिमेचा वारा सुटला आहे. पावसाळ्यात तो याच दिशेने, याहून जोरात येईल. पाच-सहा फुटी दांडे, टोकाला कणसासारखा हिरवा तुरा आणि त्यात भिजलेली फुले. उघड्यावर ते आडवे व्हायला वेळ लागत नाही. परसात घरच वारा अडवते. छपराच्या पागोळ्या मात्र ओट्यापासून अडीच फुटांवर पडतात, मातीत त्यांची जुनी चर दिसते. वाफा त्यांच्यापासून लांब आहे हे मी टेपने खात्री करून घेते. पागोळीची धार वरची माती उधळून कंद उघडे पाडते.

आजींची खुर्ची ओट्यावर कुठे असते ते विचारते. त्या उत्तरेच्या खांबाशी बोट दाखवतात. वाफा तिथून सात फुटांवर येतो. हे फूल संध्याकाळी उमलते आणि रात्री वास सोडते, कारण त्याचे पाहुणे लांब सोंडेचे पतंग आहेत. ते फाटकाशी लावले तर वास रस्त्याला. माणसे रात्री जिथे बसतात तिथेच त्याने असावे, असा माझा आग्रह असतो.

"दाटी झाली की साप येतो म्हणतात," सूनबाई हळूच म्हणतात. साप वासाला येत नाही. बेडूक-उंदीर आणि लपायला अडगळ मिळाली तर येतो. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो दरवर्षी जमिनीलगत कापायचाच असतो. तसे केले की गड्ड्यातून उजेड आरपार दिसतो आणि अडगळही होत नाही.

७.२०

सूर्य मावळला. शेवटची तपासणी हाताने. फाटकाजवळच्या भिंतीवर तळवा ठेवला तर अजून गरम आहे. रात्री नऊपर्यंत ती ऊब सोडत राहील, म्हणजे तिथल्या झाडाला रात्रीही विसावा नाही. चाफ्याखालची माती गार, किंचित ओलसर.

दिव्याखाली मी मामांना आखणी देते. वाफा सहा फूट लांब, चार फूट रुंद, सव्वा फूट खोल. घरापासून आठ फूट सोडून, चाफ्याच्या उत्तर अंगाला. निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. कंद विकत आणायचे नाहीत. आंब्याखालचा गड्डा खणून बाहेरच्या कडेचे ताजे तुकडे घ्यायचे, प्रत्येकाला दोन-तीन डोळे. दोन ओळींत सहा तुकडे, दोन-दोन फुटांवर, आडवे, डोळे वर, अंगावर दोन इंच माती. मृगाचा चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की लावायचे, आधी घाई नको. पहिल्या वर्षी फुले मोजकीच येतील हे मी आजींना स्पष्ट सांगते; गड्डा बसायला एक पावसाळा जातो, भरघोस फुले पुढच्या भाद्रपदात.

फाटकाजवळच्या भिंतीला जास्वंद, उत्तरेच्या पट्टीच्या पूर्व टोकाला अबोली, आंब्याखाली कुंड्यांमध्ये पीस लिली, म्हणजे मुळांची झटापट नको. फाटकाजवळच्या गड्ड्याचे जगलेले कंद आजींना शेजारच्या बंगल्यात द्यायचे आहेत. त्यांचेही फाटक पश्चिमेलाच आहे आणि मागे चाफा नाही, म्हणून ते कंद ओल्या गोणपाटात ठेवायला सांगितले आहेत. या आठवड्यात मी त्यांच्या अंगणात रांगोळी घेऊन बसेन, मगच कुदळ मारायची.